कॅप्टन जोसायाची दुसरी एंट्री

आदल्या संध्याकाळी मी केंब्रिजजवळच्या एका खेड्यात, व्हिलेज हॉलच्या पायरीवर बसून बूट चमकवत होतो. लंडनजवळच्या स्लाऊहून आईचा फोन आला.

“जेवलास का?”

“जेवलो. उद्या फ्युनरल परेड आहे.”

“अगं बाई! कोण गेलं?”

“एक कॅप्टन. जाऊन दोनशे वर्षं झाली.”

“मग आता कशाला उठवताय त्याला?”

“बायकोशेजारी न्यायचंय.”

“तिला विचारलंत का?”

ब्रिटिश आर्मीत माझी बरीच वर्षं गेली. मी सार्जंट शिंदे, रेजिमेंटचा ड्रिल इन्स्ट्रक्टर. इतका नेमका प्रश्न मला एकाही ब्रिगेडियरनं विचारला नव्हता.

कॅप्टन जोसाया पेल हा जन्मानं अमेरिकन. अमेरिका इंग्रजांची वसाहत होती तेव्हा कनेक्टिकटमध्ये जन्मला आणि राजाच्या फौजेत, म्हणजे आमच्याच रेजिमेंटच्या खापरपणजी रेजिमेंटमध्ये, कॅप्टन झाला. वसाहतींनी बंड केलं तेव्हा तो राजाकडे राहिला. थोरला मुलगा थॉमस बंडवाल्यांकडे गेला आणि तिकडेच लढाईत पडला. जोसाया बायकोला घेऊन इंग्लंडला आला. बायको, ॲबिगेल, या खेड्यात वारली आणि इथल्या चर्चयार्डात पुरली गेली. जोसाया पुढे दुसऱ्याच गावी मेला, त्याच्या थडग्यावर घरं उठली, आणि अलीकडे ड्रेनेज खणताना तो सापडला. पेटीवरच्या पत्र्यावर नाव होतं, म्हणून ओळख पटली.

धाकटा मुलगा अमेरिकेतच राहिला होता. त्याच्या वंशातल्या डोरोथीबाई आता शहाऐंशी वर्षांच्या. हातात काठी, पर्समध्ये जॅमची बाटली. बाटलीत थॉमसच्या थडग्यावरची माती.

“बाप, आई आणि मुलगा,” त्या मला म्हणाल्या. “तिघं एका जागी. एवढं झालं की मी मोकळी. डॉक्टरांनी विमानात बसू नको म्हणून सांगितलं होतं.”

“मग मॅम?”

“मग काय! डॉक्टर बदलला.”

पुढे म्हणाल्या, “आमच्या घरात जोसायाची एकच गोष्ट सांगतात. तो कधीच वेळेवर आला नाही. स्वतःच्या लग्नालासुद्धा उशिरा पोचला. ॲबिगेल चर्चच्या दारात ताटकळत उभी होती.”

“उद्या वेळेवर पोचवतो, मॅम,” मी म्हणालो. असली वाक्यं बोलू नयेत.

आता आर्मीची एक खोड सांगतो. सराव करायचा तो खऱ्यासारखाच. शवपेटी खांद्यावरून न्यायची तर आधी सरावाची पेटी लागते. आमचे कॅप्टन विल्मॉट फार काटेकोर गृहस्थ. त्यांनी सरावाची पेटी हुबेहूब करून घेतली. तेच लाकूड, तीच कडी, नावाची पट्टीसुद्धा तीच. आत वाळूची पोती, एका धडधाकट माणसाच्या वजनाची. जोसायाची उरलेली हाडं एका हातानं उचलता आली असती, पण हे त्यांना कोण सांगणार? नियमात पूर्ण माणसाचं वजन लिहिलं होतं.

खरी पेटी हॉलमधल्या छोट्या स्टेजवर, पडद्यामागे, मानानं ठेवली होती. सकाळी आम्ही वाळूच्या पेटीनं शेवटचा सराव केला आणि ती हॉलच्या मधोमध स्टँडवर ठेवून चहाला गेलो. मी सहाही खांदेकऱ्यांना बजावलं, “दुपारी पेटी हलकी लागेल. उड्या मारत चालू नका.”

आम्ही चहा पीत असताना कॅप्टन विल्मॉट हॉलमध्ये आले. पेटी दिसली, नाव वाचलं, फुलांचं चक्र तिच्यावर ठेवलं. झेंडा नव्हता. कोणता घालायचा यावर दोन देशांत इतके ईमेल झाले होते, की शेवटी फुलांवर तह झाला.

दुपारी दोन वाजता. हॉलसमोर गल्ली, गल्लीपलीकडे चर्च. दोन्ही बाजूंना पाहुणे. मी बाहेर दाराशी उभा.

“बेअरर पार्टी, बाय द सेंटर, स्लो मार्च!”

पेटी बाहेर आली. चाल सुरेख. जरा जास्तच सुरेख. मी पुढच्या कॉर्पोरल डेव्हिसकडे पाहिलं. कपाळावर घामाचे थेंब. मान ताठ, गाल लाल. मी त्याच्या बाजूनं चालू लागलो.

“डेव्हिस,” ओठ न हलवता मी.

“सार्जंट.”

“जड आहे?”

“सकाळइतकीच, सार्जंट.”

समोर डोरोथीबाई बाटली छातीशी धरून उभ्या होत्या. समुद्र ओलांडून आल्या होत्या, आणि आम्ही त्यांच्याकडून ॲबिगेलच्या शेजारी वाळू पुरून घेणार होतो.

माझी लढाईची तालीम आर्मीत झाली, पण अशा वेळची तालीम स्लाऊच्या मराठी मंडळात झाली. गणपतीतल्या नाटकांत दरवर्षी कोणाची तरी एंट्री चुकायची. नायक पार्किंग शोधत असायचा आणि मी स्टेजवर एकटा. तिथं शिकलो: घाबरायचं नाही, आवाज चढवायचा आणि मूळ संहितेत हे होतंच असं दाखवायचं.

“बेअरर पार्टी, हॉल्ट!”

सगळे थांबले. पाद्रीसुद्धा.

“लेडीज अँड जंटलमेन! समुद्रापलीकडे जन्मलेला अधिकारी उंबरठा दोनदा ओलांडतो. एकदा जन्मभूमीसाठी, एकदा विश्रांतीच्या भूमीसाठी. रेजिमेंटच्या परंपरेनुसार सर्वांनी चर्चकडे तोंड करून, मान खाली घालून उभं राहावं. घंटा वाजेपर्यंत!”

या देशात परंपरा म्हणा आणि चेहरा गंभीर ठेवा, कोणी काही विचारत नाही. शंभर माणसं शिस्तीत वळली. घंटेसाठी मी पाद्रीबाबांना डोळ्यांनी खूण केली. ते समजले, नाटकात चांगले शोभले असते.

कॅप्टन विल्मॉट जवळ आले. “सार्जंट, ही परंपरा कधीची?”

“आत्ताची, सर. पेटीत वाळू आहे.”

त्यांचा रंग चर्चच्या भिंतीसारखा झाला. मग पाठ ताठ करून म्हणाले, “कॅरी ऑन, सार्जंट.” आणि तेही चर्चकडे तोंड करून उभे राहिले.

पेटी उलट पावली आत. पडदा बाजूला. फुलं इकडून तिकडे. मी दोनदा पेटी हलवून पाहिली. आत जोसाया हलला.

“लिफ्ट!”

पेटी इतक्या झटक्यात वर गेली की डेव्हिस दचकला. “अरे देवा, सार्जंट, हा तर पीस आहे.”

“उडू नकोस.”

घंटा वाजली. कॅप्टन जोसाया पेल दुसऱ्यांदा बाहेर आला. बिगुल वाजला, बंदुकांची सलामी झाली, आणि तो ॲबिगेलच्या उजवीकडे उतरला. आमच्या साताऱ्याकडे अंत्ययात्रेला जाणं म्हणजे मातीला जाणं. डोरोथीबाई खरोखरच मातीला आल्या होत्या, स्वतःची माती घेऊन. काठी माझ्या हातात दिली, बाटली उघडली आणि थॉमसला बापाच्या छातीवर ठेवलं.

काठी परत घेताना त्या हळूच म्हणाल्या, “दुसऱ्या खेपेला तुमची मुलं फार हलकी चालली.”

मी टोपी सरळ केली.

“मी मान खाली घातली नव्हती, सार्जंट. माझ्या नवऱ्याला मरीन सैनिकांनी खांदा दिला होता. जड पेटी मला कळते.”

“सॉरी, मॅम. उशीर झाला.”

त्या हसल्या, चर्चयार्डात इतकं मोठ्यानं कोणी हसत नाही. “होणारच! जोसाया होता ना तो. वेळेवर आला असता तर मी दुसऱ्याच कुणाला पुरलं असं समजले असते.”

रात्री आईला फोन केला. “विचारलं का तिला?” तिचा पहिला प्रश्न.

“विचारलं नाही. पण त्यानं लग्नात ठेवलं होतं तसंच ताटकळत ठेवलं.”

“मग घेतलं असेल तिनं शेजारी. सवय होती तिला.”

विल्मॉट आता मेजर आहेत. आमच्या रेजिमेंटच्या छापील कार्यक्रमांत ‘उंबरठा दोनदा’ अशी ओळ असते, आणि खाली ‘प्राचीन प्रथेनुसार’. रिटायर झालो तरी मी वाचतो आणि गालात हसतो.

एका पेटीची आठवण आली की मात्र हसत नाही. आमच्या सेक्शनचा लान्स कॉर्पोरल आकुइला, फिजी बेटांवरचा, दारातून वाकून येणारा, चर्चमध्ये सगळ्यांच्या वर गाणारा. अफगाणिस्तानात, हेल्मंडमध्ये मारला गेला. त्याची पेटी विमानातून उतरवली तेव्हा पुढचा उजवा खांदा माझा होता. ती खरीच जड होती. बदलायला पडद्यामागे दुसरी नव्हती. आणि तेव्हा ही प्रथाही नव्हती.

म्हणून नोव्हेंबरात, सैनिकांच्या स्मृतिदिनी, स्लाऊच्या युद्धस्मारकावर जातो तेव्हा फाटकातून आत जातो, बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. एकदा त्याच्या बेटासाठी, एकदा आमच्यासाठी. लोक बघतात. मी सांगतो, परंपरा आहे.