डाव्या दारामागच्या तीन पट्ट्या

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहिते.

माझे मिस्टर जाऊन चार महिने झाले. त्यांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार पिंप्राळ्याच्या घरी उभी आहे. तिचं डावं दार तिरकं बसतं. बिजागरीमागे लोखंडाच्या तीन पातळ पट्ट्या आहेत, उजवीकडे एकही नाही. "दादाने स्वतः खोलून वाट लावली," असं माझे दीर सगळ्यांना सांगायचे.

आज दुपारी मिस्तरी नानांनी तिथला लाल रंग खरवडला. खाली कारखान्यातला मूळ हिरवा रंग निघाला, बिजागरीवरून पट्ट्यांवर सलग गेलेला. म्हणजे पट्ट्या रंग देण्याआधीच बसवलेल्या होत्या.

नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "वहिनी, हाई कंपनीनंच काम शे. भाऊनी काहीच चूक नही."

दीर शेजारीच उभे होते. "बरं, आता तरी सरळ करा. वाकडी गाडी कोण घेईल?"

"विकायचीय कुणाला? दार असंच राहील." मी त्यांना पहिल्यांदाच उलट बोलले.

दार लावताना थोडं उचलावं लागतं. मिस्टरही तसंच उचलायचे.

तुमच्या घरात गेलेल्या माणसावर असा एखादा ठपका अजून आहे का? कधी खरवडून पाहिलाय?