देवाच्या वाटीतलं दूध

माझी वहिनी दमयंती हिला आळशी म्हणणारा पहिला माणूस म्हणजे तिचा नवरा, माझा सख्खा भाऊ अनंतराव. परक्या कुणी म्हटलं असतं तर मी दार लावून घेतलं असतं आणि विषय संपवला असता. घरच्यानंच म्हटलं म्हणून लिहायला बसले.

वहिनी कन्नड गावची. माहेरी दारात म्हशी, रोजचं ताक घरचं. लग्न होऊन आमच्याकडं आली तेव्हा आईनं विचारलं होतं, "स्वयंपाकातलं काय काय येतं?" ही म्हणाली, "सगळं येतं, पण ताकाशिवाय घास उतरत नाही." आई हसली आणि दुसऱ्या दिवसापासून विरजण वाढवलं. पुढं आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं वहिनीनंच केलं. दोन मुलं वाढवली, परगावी धाडली, घरात शिवणाचा क्लास चालवला. मी विधवा झाल्यावर त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हापासून बघते आहे, दुपारी ही बाई कधी आडवी झालेली दिसली नाही.

दादा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. नोकरीत होता तोवर साहेबापुढं मान खाली. रिटायर झाल्यावर त्याला मान वर करायला जागा हवी होती, ती गोगाबाबाच्या टेकडीवर मिळाली. तिथं रोज पहाटे चढायला येणाऱ्या लोकांचं त्यानं 'निरामय प्रभात मंडळ' काढलं आणि स्वतः अध्यक्ष झाला. एकदा बाहेरगावचे कुणी आहारगुरुजी व्याख्यानाला आले. त्यांनी सांगितलं की दूध हे वासरासाठी असतं, माणसानं ते पिणं म्हणजे रोगाला आवतण. झालं. आमच्या घरातून दूध, दही, ताक, तूप, सगळं एका दिवसात हद्दपार.

मोड आलेले मूग, ज्वारीची भाकरी, बिनतेलाची भाजी, रात्री फळं. यातलं काही वाईट नाही, मीही खाते. मला संताप आला तो देवघराचा. आईच्या काळापासून सकाळच्या पूजेनंतर देवापुढं चांदीच्या वाटीत दूध-साखर ठेवायची रीत. छावणीकडून येणारा बन्सी गवळी दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, तुमी नका पिऊ. देवापुरतं तरी घ्या, पावशेर."

"देवाला खारीक चालते," दादा म्हणाला.

बन्सीनं माझ्याकडं पाहिलं. "देवानं सांगितलं व्हय तसं?" असं पुटपुटत तो सायकल वळवून गेला. त्या दिवसापासून वाटीत खारीक.

पहिलं वर्ष-दीड वर्ष काही जाणवलं नाही. मग वहिनी वेणी घालता घालता खाली बसायला लागली. म्हणायची, "वन्सं, हात वर धरवत नाहीत हो." पुढं जिना चढताना कठडा धरू लागली. जिभेची आग व्हायची, भाकरीबरोबरचा ठेचा बंद झाला. शिवणयंत्रावर बसली की पायात मुंग्या. रोज पहाटे टेकडी चढत होती, आसनं करत होती, मूग चावत होती, आणि सकाळी उठतानाच अशी उठायची की रात्रभर कुणीतरी दळण दळायला लावलंय.

दादाचं उत्तर तयार होतं. "दमतेस म्हणजे व्यायाम कमी पडतो." त्यानं टेकडीची आणखी एक फेरी वाढवली.

"दादा, तिला बरं नाही," मी म्हटलं.

"बरं नाही म्हणजे काय? ताप आहे? खोकला आहे?"

"थकवा आहे."

"थकवा हा रोग नाही. कन्नडच्या म्हशी अजून हिच्या अंगातून गेल्या नाहीत, एवढंच."

तो हे मंडळातल्या लोकांसमोरही बोलायचा, आणि ते हसायचे. मंडळाची चिटणीस प्रमोदिनी तर तोंडाची फटकळ. "दमयंतीवहिनी, नावात दम आहे, अंगातला कुठं सांडला?" असं ती भर टेकडीवर म्हणायची. वहिनी हसून घ्यायची. मला हसू यायचं नाही. सकाळी सकाळी देवाचं नाव घ्यायच्या वेळी माणसं असं विष कालवत चढतात आणि वर त्याला निरामय म्हणतात.

एका सोमवारी आम्ही दोघी खडकेश्वराला निघालो. देवळाच्या अलीकडं माझं लक्ष गेलं, तर वहिनीच्या एका पायात चप्पल नाही. मागं वळून पाहिलं तर चप्पल पार कोपऱ्यावर, रस्त्याच्या मधोमध. तेवढं अंतर ती अनवाणी चालली होती, खडीवरून, आणि तिला कळलं नव्हतं.

"तुला टोचलं नाही?"

"नाही हो. पायाखाली कापूस अंथरल्यासारखं वाटतंय, हल्ली रोजच," ती म्हणाली. मग माझा हात धरून, "ह्यांना सांगू नका. अजून एक फेरी वाढवतील."

मी महादेवाला बाहेरूनच हात जोडले आणि तिला रिक्षात घातलं. छावणीत माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरबाई आहेत. त्यांनी आधी जीभ बघितली. मग एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी टेबलावर वाजवून वहिनीच्या पायाच्या अंगठ्याला लावलं. "थरथर थांबली की सांगा."

"सुरू झालीय का?" वहिनीनं विचारलं.

डॉक्टरबाईंनी चिमटा खाली ठेवला. काय खाता, ते विचारलं. वहिनीनं सगळं सांगितलं, अगदी कौतुकानं, की बघा किती नेमानं खातो.

"मांस-अंडं घरात नाहीच?"

"छे हो, आम्ही नाही खात."

"आणि दूध-दहीही बंद. मग बी-बारा येणार कुठून? मुगातून येत नाही ते, भाकरीतून येत नाही, टेकडी चढून तर नाहीच येत. शाकाहारी माणसाला तेवढीच एक वाट होती, ती तुम्ही बुजवली."

रक्त तपासायला घेतलं. दुसऱ्या दिवशी अहवाल आला, त्यांचा अंदाज खरा निघाला. सुया लगेच सुरू करायच्या, असं त्यांनी बजावलं. उशीर केला तर पायातली गेलेली जाणीव परत येईलच असं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी दादासमोर बसलो. मी सगळं सांगितलं. त्यानं मान हलवत ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "मंडळात कुणाला बोललात का?"

पुढच्या महिन्यात, गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, मंडळाचा वर्धापनदिन होता. गुरुजी स्वतः येणार होते. वहिनीनं उभं राहून सांगायचं होतं की आमच्या घरात तीन वर्षांत औषधाची गोळी आली नाही. पत्रिकेत तिचं नाव जायचं होतं.

"तेवढा कार्यक्रम होऊ दे," दादा म्हणाला. "मग घे हव्या तेवढ्या सुया. महिनाभरात काय आभाळ कोसळतंय?"

"महिनाभरात तिचे पाय गेले तर?" मी म्हटलं.

"पाय कुठं जातात? रोज टेकडी चढते ती. तू वर राहतेस, वरच राहा. आमच्या घरात नाक खुपसू नकोस."

"हे घर आईचं आहे, आणि तिचे पायही तिचे आहेत."

"माझी इज्जत काढायला निघालात दोघी. गुरुजींसमोर काय सांगू? माझ्याच घरात सुई टोचतात म्हणून?"

वहिनी इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. मला विचारलं, "वन्सं, उद्या किती वाजता जायचं?"

दुसऱ्या दिवसापासून सुया सुरू झाल्या. दादानं तिच्याशी बोलणं सोडलं. चहा हवा असला तर भिंतीला सांगायचा. "चहा मिळेल का या घरात?" ती कपबशी ठेवून जायची. पत्रिका मात्र तिच्या नावासकट छापून आल्या. त्याला वाटलं, माणसांत उभी केली की बरोबर बोलेल. चाळीस वर्षं त्याच्या मनासारखंच बोलत आली होती.

वर्धापनदिनाला एका शाळेचं सभागृह घेतलं होतं. गुरुजी पुढं, हार, मुगाच्या उसळीचे द्रोण. प्रमोदिनीनं माईकवर वहिनीचं नाव पुकारलं. वहिनी व्यासपीठाच्या पायऱ्या एकेक करत चढली, कठडा धरून. वर गेल्यावर तिनं खुर्ची मागितली. सभेत कुजबुज झाली. दादानं मान डोलावून आणायला सांगितली, आणि ती बसली.

"मी रोज टेकडी चढते," ती म्हणाली. "अध्यक्ष सांगतात ते सगळं खाते. तरी मला रोज मरणाचा थकवा येतो. माझी चप्पल पायातून गळाली आणि मला कळलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, दूध-दही सोडल्यानं झालंय. मी सुया घेते आहे. तुमच्यापैकी कुणाच्या पायाला मुंग्या येत असतील तर तपासून घ्या. मला एवढंच सांगायचं होतं."

टाळी कुणी वाजवली नाही. मागून एक गृहस्थ म्हणाले, "घरचं भांडण इथं कशाला?" गुरुजींनी माईक घेऊन सांगितलं की श्रद्धा कमी पडली की शरीर साथ देत नाही. त्यावर मात्र टाळ्या झाल्या. वहिनी उठली, पायऱ्या उतरली, माझ्या शेजारी येऊन बसली. उसळीचा द्रोण आमच्या रांगेत कुणी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री कृष्णजन्म झाला, आणि त्याच्या पुढच्या सकाळी काला. मागची तीन वर्षं आमच्याकडं काला नारळाच्या दुधात व्हायचा. त्या सकाळी वहिनीनं दारात उभं राहून बन्सीला हाक मारली.

"बन्सी, दही आहे?"

"लई हाय बाई. किती देऊ?"

"पातेलंभर दे. आणि उद्यापासून दूध सुरू. साहेब नको म्हणाले तरी देऊन जायचं."

"अन् साहेबांनी सायकल अडवली तर?"

"तर मला हाक मार."

दादा आत पेपर वाचत होता. पेपर हलला नाही.

तिनं पोहे भिजवले, लाह्या घातल्या, मिरची, आलं, लिंबाच्या लोणच्याची फोड, वरून दही. देवापुढं नैवेद्य दाखवला. चांदीची वाटी घासून पुसून तिच्यात दूध ओतलं. मी मागं उभी होते, मी हात जोडले.

काल्याला मंडळातल्या बायका दरसाल येतात. वाटलं होतं, या वर्षी फिरकणार नाहीत. पण काल्याला नाही म्हणायची पद्धत नाही आमच्यात, त्यामुळं आल्या. दर्शन घेतलं, आणि तळहात पुढं करताना त्यांना पातेल्यातलं दही दिसलं. प्रसाद नाकारता येत नाही, आणि दार ओलांडून तर आत आलेल्या. सगळ्या दादाकडं बघायला लागल्या. दादा पेपराआड.

वहिनीनं प्रमोदिनीच्या हातावर पहिला घास ठेवला. ती तशीच उभी राहिली. मग तोंडात टाकला, हळूच. बोटं चाटली. पदरानं हात पुसायच्या ऐवजी पुन्हा पुढं केला.

"जरा आणखी मिळेल का? प्रसादच आहे," ती म्हणाली. आणि खाली बघत, "माझ्याही पायाला रात्री मुंग्या येतात. डॉक्टरबाई छावणीत कुठं बसतात?"

वहिनीनं पत्ता सांगितला. मूठभर काला आणखी घातला.

बायका गेल्यावर तिनं एका वाटीत काला घेतला आणि दादापुढं ठेवला. त्यानं पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाला, भिंतीला नाही, तिला म्हणाला, "प्रसाद म्हणून ठीक आहे. रोज नाही."

"मी रोज नैवेद्य दाखवणार आहे," वहिनी म्हणाली.

त्यानं वाटी तशीच ठेवली, पायात बूट चढवले आणि भर उन्हाचा टेकडीकडं निघून गेला. वहिनी आतल्या खोलीत गेली, दार लोटलं, आणि दुपारची झोपली. वाटीवर मी ताटली झाकून ठेवली. संध्याकाळी दादा परतल्यावर पाहिलं तर वाटी रिकामी, मोरीत विसळून पालथी घातलेली. कुणी खाल्लं ते मी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.