फादरने शिंपडलेलं पाणी

ज्युलियसला गाडी हवी होती ती फिरायला नव्हे. मरोळ गावठाणातला सत्तरीचा माणूस फिरून फिरून जाणार कुठे? त्याला गाडी हवी होती दारात उभी करायला. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, नाहीतर लोक म्हणाले असते, म्हातारा कामातून गेला.

उमेदीची सगळी वर्षं तो सांताक्रूझच्या एका कंपनीत ड्रायव्हर होता. साहेब मोठ्या मनाचा, त्यामुळे गाडी रात्री याच्याच दारात असायची. तेव्हा या घराला कडी नव्हतीच म्हणा ना! कुणाला एअरपोर्टला सोडायचं, कुणाची बायको अडलेली, कुणाची नवरी चर्चला न्यायची, "ज्युलियस आहे का?" ही हाक ठरलेली. बायको जेनेव्हिव्ह करवादायची, पण चहाचं आधण चढलेलंच असायचं. मग तो रिटायर झाला, गाडी गेली आणि हाकही गेली. माणसं वाईट नव्हती हो, त्यांचं काम संपलं होतं. पुढे जेनेव्हिव्ह वारली. मुलगी यव्होन कॅनडात. आता दारावर थाप पडली तर कुरिअरवाला असतो, आणि तोही शेजारच्यांचा पत्ता विचारतो.

म्हणून गावठाणातलाच ब्रेंडन, जो हल्ली बोरिवलीला जुन्या गाड्यांचा धंदा करतो, चंदेरी गाडी घेऊन आला तेव्हा ज्युलियस विरघळलाच. "अंकल, एकाच डॉक्टरने वापरलेली. आठवडाभर ठेवा, चालवा, मग पेपर करू." गाडी झकास चालत होती. ज्युलियसने बॉनेट उघडून पाहिलं, टायरला लाथ मारली, झाली तपासणी. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घालून गाडी चर्चसमोर उभी! आमच्या लोकांची ही खोडच आहे, गाडी आपल्या नावावर व्हायच्या आधी देवाच्या नावावर करायची. आणि फादरने एकदा पवित्र पाणी शिंपडलं की गाडी परत करणं म्हणजे ठरलेलं लग्न मोडणं. ब्रेंडनला हे चांगलं ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी समोरची पर्पेच्युआ आली. "ज्युलियस, गाडी घेतलीस होय रे? रविवारी वर्सोव्याला बहिणीकडे नेशील मला? गुडघ्याने रिक्षात चढवत नाही." ज्युलियसने तिला बसवलं, चहा केला. किती वर्षांनी दोन कप धुवायला पडले. त्याला इतका आनंद झाला की रात्री जेवण गेलं नाही.

पण यव्होनने फोनवर मोडता घातला. "डॅडी, गाडी कुणाकडून तरी तपासून घे."

"अगं, चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलंय मी."

"तू चालवलीस डॅडी. उघडायची ती कंपनीच्या गॅरेजमध्ये." आणि तिने तिथूनच तपासणीची वेळ ठरवून टाकली.

घाटकोपरहून चेतना नावाची मुलगी आली. घेणाऱ्याच्या वतीने जुन्या गाड्या तपासणं हेच तिचं काम. सौदा झाला काय, मोडला काय, तिला सारखंच. तिने स्टिअरिंगखाली यंत्र जोडलं, गाडीखाली आडवी होऊन पाहिलं, मग आत बसून दोनदा नाक ओढलं. "काका, आत ओलसर वास येतोय."

"फादरचा हात जरा सढळ आहे," ज्युलियस म्हणाला.

ती हसली नाही. तिने सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढला. खालच्या भागावर चिखलाचा पट्टा होता. मग पायाखालचं कार्पेट उचकटलं. खाली गंज आणि वाळलेला गाळ.

"काका, हे शिंपडलेलं पाणी नाही. ही गाडी सीटपर्यंत बुडालेली आहे. आज चालतेय, पण वायरी आतून कुजतायत. हायवेवर अचानक बंद पडू शकते, धडक बसली तर एअरबॅग उघडेलच असं नाही. घेऊ नका. कोण कोण बसणार होतं हिच्यात?"

"पर्पेच्युआ," ज्युलियस म्हणाला. चेतनाला ती कोण हे कुठून कळणार? त्याने चहाचं विचारलं, पण तिला मुलुंडला दुसरी गाडी गाठायची होती.

ती गेल्यावर तो गाडीत जाऊन बसला. खोटं कशाला बोला, मोह झालाच. घ्यावी आणि नुसती दारात ठेवावी, कुणी मागितली की सर्व्हिसिंगचं निमित्त सांगावं! पण माणसं यायची ती गाडीत बसायला, गाडी बघायला नव्हे. आणि बसवायचं कुणाला, पर्पेच्युआला? त्याला स्वतःचीच चीड आली. त्याने ब्रेंडनला फोन लावला.

"अंकल, आशीर्वाद घेतलेली गाडी कुणी परत करतं का?"

"फादरने आशीर्वाद दिलाय रे, सर्टिफिकेट नाही."

ब्रेंडन सकाळी येऊन गाडी घेऊन गेला. मलाच तशी मिळाली, मला काय माहीत, म्हणाला. खरं-खोटं देव जाणे. घरात काही तो आला नाही.

रविवारी ज्युलियस इस्त्रीचा शर्ट घालून पर्पेच्युआच्या दारात गेला आणि त्याने सगळं सांगितलं. तिने कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला. "देवाने वाचवलं रे."

"देवाने, आणि घाटकोपरच्या एका पोरीने. वर्सोव्याचं काय मग?"

"भाच्याने टॅक्सी बोलावलीय. येतेच आहे."

ज्युलियस जरा घुटमळला. "मी येऊ? तेवढीच सोबत."

पर्पेच्युआने त्याच्याकडे पाहिलं. तिला खरंच कळलं नव्हतं. "तू कशाला रे उगाच? टॅक्सीला ड्रायव्हर असतो ना."

टॅक्सी आली. ज्युलियसने मागचं दार उघडून धरलं आणि ती नीट बसल्यावर हळूच लावलं.