दुसऱ्या ताटलीत काय झालं

गिरणीवाल्यानं सख्ख्या बहिणीचं औषध मोरीत ओतलं, अशी आवई गल्लीत उठली तेव्हा मीही कान टवकारले. खोटं कशाला बोलू? बातमी आणली होती त्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, समोर राहणाऱ्या शिवणवाल्या बाईंनी. त्यांचं मशीन खिडकीशी, आणि खिडकी अशी मोक्याची की दोरा ओवता ओवता पलीकडचं स्वयंपाकघर सगळं दिसावं. ‘त्याचा डोळा बहिणीच्या घरावर आहे,’ ही पुरवणी त्यांची स्वतःची. कापड कमी पडलं की पदरचा तुकडा जोडायची सवयच ती.

गिरणीवाला म्हणजे पीठ दळणारा नव्हे. झाडापाल्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत तो हनुमानफळाची पानं दळायचा. धुवायची, सावलीत वाळवायची, दळायची, चाळायची, तीन दिवस अल्कोहोलात भिजवून मग गाळून आटवायची. तळाशी काळपट हिरवा चीक उरे. तो बाटलीत भरून, नंबर चिकटवून वरच्या मजल्यावर संशोधक मॅडमकडे. त्या तो चीक काचेच्या ताटल्यांत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर घालत. तिसऱ्या दिवशी पेशी मेलेल्या.

हे तिसऱ्या दिवसाचं कौतुक गिरणीवाला अशा थाटात सांगे, की त्या पेशी जणू त्यानंच अंगठ्याखाली चिरडल्या. ताईकडे जेवायला बसला की सुरू. भावोजी आ वासून ऐकत.

आणि मग ताईच्याच पोटात कर्करोगाची गाठ निघाली. आई गेल्यावर ज्या ताईनं ह्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं, ती ताई. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. आधी रक्त तपासायचं, आकडे बरे असले तरच सुई. पहिली दोन सलाइनं झाली. तिसरं पुढं ढकललं, पुन्हा ढकललं. यकृताचे आकडे भलतेच चढलेले. असंच चाललं तर हे औषध बंद करावं लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि इतकं चांगलं दुसरं हाताशी नाही. घरी काही घेता का, असं त्यांनी दोनदा विचारलं. ताई दोन्हीदा नाही म्हणाली. भावोजी छताचा पंखा न्याहाळत होते.

गिरणीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुढच्या तपासणीच्या आदल्या सकाळी तो ताईकडे चहाला गेला आणि दारातच थबकला. वास. गेली नऊ वर्षं जो त्याच्या बोटांना चिकटून होता, तोच. शेगडीवर पातेलं, त्यात हिरवं पाणी उकळत होतं.

पानं भावोजी आणत. संस्थेच्या कुंपणाबाहेर झुकलेल्या फांदीची. पाच आठवडे, रोज तीन पेले.

“तूच म्हणालास ना, तीन दिवसांत मरतात म्हणून,” ताई म्हणाली. “म्हटलं, माझ्या भावाचं औषध. डॉक्टरीणबाईंना कशाला सांगायचं, हसतील.”

त्यानं आधी शेगडी बंद केली. कारण मॅडमच्या टेबलावर दर वेळी ताटल्या दोन असत. एकीत रोगट पेशी, दुसरीत निरोगी, ताडून पाहायला. ह्या दुसरीचं त्यानं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. तिच्यात रंगत नव्हती.

“ताई, दुसऱ्या ताटलीत चांगल्या पेशी असतात. त्याही मरतात.”

“सगळ्या?”

“कधी निम्म्या, कधी जास्त. पोटात गेल्यावर काय होतं ते मॅडमनाही अजून माहीत नाही.”

“मग जेवताना का नाही बोललास?”

“रंगत गेली असती,” तो म्हणाला.

“गाढवा,” ती म्हणाली. पातेलं उचलायची ताकद तिच्या हातांत उरली नव्हती. “ओत तूच.”

निदान आजचा पेला तरी, असं काहीसं भावोजी पुटपुटले. ताईनं नुसतं पाहिलं, तसे ते चपला घालून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानंच डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. काढ्यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या, पण थेंबभरही नको. आठवड्यानं पुन्हा रक्त बघू. तो आठवडा त्यानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक.

शिवणवाल्या बाईंनी पाहिलं ते खरं होतं. त्यानं पातेलं मोरीत ओतलं. त्यात हनुमानफळाच्या पानांचा काढा होता, आणि तो ओतायला ताईनंच सांगितलं होतं. आठवड्यानं आकडे थोडे उतरले. तिसरं सलाईन त्यानंतरच्या सोमवारी लागलं.