बाबांची बाय

मरोळच्या आमच्या घोड्यांच्या वाडीला सगळे तबेला म्हणायचे आणि बाबांचं डोकं फिरायचं. "तबेलो म्हशींचो. ही पागा आसा!" असं ते दर माणसाला सांगायचे. आरे कॉलनीत तेव्हा नुकत्याच म्हशी येऊन भरल्या होत्या, त्यामुळे त्यांचं ऐकतंय कोण? अंधेरी स्टेशनवरच्या टांगेवाल्याला 'पागा' म्हटलं तर तो तोंडाकडे बघत बसायचा, 'घोडेवाला तबेला' म्हटलं की बरोबर फाटकात आणून सोडायचा. मी तर बाबांसमोर मुद्दामच तबेला म्हणायचे. त्यांना चिडवायला नव्हे. त्या वाडीवरच माझा राग होता.

बाबा तिथे मोतद्दार होते. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, दुखणीखुपणी सगळं त्यांच्या गळ्यात. वाडीला मालक झाले तीन. पहिला मालक पारशी बावाजी. त्याला मी पाहिलेलं नाही, पण त्याच्या गोष्टी ऐकून माझे कान किटले होते. चिंचेची झाडं त्याने लावली, विहीर त्याने बांधली, शर्यतीचे घोडे त्याने वाढवले, आणि रोज सकाळी कोटाच्या खिशात साखरेचे खडे घेऊन तो प्रत्येक घोड्याला 'साहेबजी' करत फिरायचा म्हणे. बाबांनी आयुष्यात ज्याला मालक मानलं तो हा एकच.

त्याच्या शेवटच्या वर्षात एक घोडी व्याली आणि तिसऱ्या दिवशी मेली. मागे राहिलं शिंगरू. तांबूस रंगाचं, कपाळावर पांढरी टिकली. बाबांनी त्याला बाटलीने गाईचं दूध पाजून जगवलं. त्याच महिन्यात तिकडे कोकणात माझा जन्म झाला. बाबा बारशाला आले नाहीत. का, तर शिंगराला बाटली कोण देणार! हे मला आईने सांगितलं नाही, बाबांनीच सांगितलं, आणि तेही कौतुकाने. आता काय बोलायचं अशा माणसाला?

आमच्या गावात बाप लेकीला 'बाय' म्हणतो. पाळण्यात नाव कितीही झोकदार ठेवा, बापाच्या तोंडी बायच. शेजारच्या सगळ्या पोरींना ती हाक यायची. आमचे बाबा मुंबईत, ते फक्त गणपतीला यायचे, तेही चार दिवस. मी त्या हाकेची वाट बघायचे. मला एवढंच हवं होतं, दुसरं काही नाही. पण ते मला नुसतं 'गो' म्हणायचे. "गो, पाणी हाड." "गो, आवशीक बोलव." मला वाटायचं, सवय नाही त्यांना, एकत्र राहायला लागलो की म्हणतील.

मी नऊ वर्षांची झाले तेव्हा आई आणि मी मरोळला आलो. वाडीच्या कडेला कौलारू खोली मिळाली होती. पहिल्याच संध्याकाळी मी ओटीवर तांदूळ निवडत होते आणि पागेतून बाबांची हाक आली, "बाय! ये गो बाय!" इतकी मऊ हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. हातातलं सूप टाकून मी धावत सुटले. जाऊन बघते तर अर्ध्या दारावरून त्या तांबूस घोडीने मान बाहेर काढलेली, आणि बाबा तिच्या मानेवरून हात फिरवतायत. मला बघून ते चकित झाले.

"तू कित्याक इलंस गो?"

मी परत आले. सगळे तांदूळ मातीत सांडले होते, त्यावरून आईचा मार खाल्ला तो वेगळाच.

तेव्हापासून माझा त्या घोडीवर असा काही जळफळाट झाला की सांगता सोय नाही. माझे केस आई खसाखसा ओढून विंचरायची, आणि त्या महाराणीला रोज तासभर खरारा. खरारा करताना बाबा म्हणायचे, "बाय, बाजूक हो," की ती शहाण्यासारखी एक पाऊल डावीकडे सरकायची. मला कुंकू लावावं लागायचं, ती मेली टिकली घेऊनच जन्मलेली! तिचे भिजवलेले हरभरे मी चोरून खायचे. भूक म्हणून नव्हे, तिचे म्हणून. कधी कधी कुणी नसताना तिच्या कानाशी जाऊन सांगायचे, "तू घोडी आहेस, घोडी. कळलं?" ती कान हलवायची आणि माझी वेणी हुंगायची. त्याचाच मला जास्त राग यायचा.

आई म्हणायची, "अगो, घोडयेचो कसलो हेवो करतंस?" पण बाबांचं ताट झाकून ठेवताना तीही भांडं जरा जोरातच आपटायची.

बावाजीनंतर वाडी एका लाकडाच्या वखारवाल्या शेठकडे गेली होती. आम्ही आलो ते या शेठच्या काळात. त्याला घोड्यांचं सोयरसुतक नव्हतं. तो लग्नाच्या वरातींना घोडे द्यायचा, एखाद्या सिनेमाच्या शूटिंगला पाठवायचा. बाबांच्या बायच्या पाठीवर रोज नवा नवरदेव! बाबा तिला मण्यांच्या माळा घालायचे, कपाळाला गोंडा बांधायचे, आणि दात-ओठ खात वरातीबरोबर जायचे. माझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला मात्र आले नाहीत. तिला खोकला झाला होता.

मी चौदाची झाले तेव्हा शेठने वाडी विकली. तिसरा मालक कारखानदार साहेब. साकीनाक्याला त्याची शेड होती, ती त्याला अपुरी पडत होती. तो टेप घेऊन आला, जमीन मोजली, घोड्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. बाबांना वॉचमनची नोकरी देऊ केली. घोडे एकेक करून गेले. शेवटी बायला घ्यायला माथेरानचा एक घोडेवाला भाड्याचा ट्रक घेऊन आला. तिकडे ती हवा खायला आलेल्या लोकांना फिरवणार होती.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी ठेवणीतलं परकर-पोलकं घातलं आणि बघायला गेले. उद्यापासून बाबांना हाक मारायला मी एकटीच उरणार होते.

ट्रकला फळी लावली होती. बाबा पुढे दोर धरून उभे, आणि ती काही केल्या फळीवर पाय ठेवीना. मला तिचं जाणं नीट दिसावं म्हणून मी अगदी तिच्या मागच्या पायापाशी डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. घोड्याच्या मागे उभं राहू नये हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाबांनी वळून पाहिलं आणि ओरडले, "बाय, बाजूक हो!"

मी हलले नाही. कशाला हलू? ती हाक तिची होती.

तिनेही तसंच समजलं. बाबांचं ऐकायचं म्हणून शहाण्यासारखी एक पाऊल डावीकडे सरकली, आणि तिचा नाल थेट माझ्या पावलावर आला.

बाबांनी दोर टाकला आणि मला उचलून विहिरीकडे पळत सुटले. पायावर पाणी ओतता ओतता ओरडले, "इतको आराडलंय तुका! आयकाक येना नाय?"

"माका?" मी रडत ओरडले, "माका कदी म्हटलात बाय?"

त्यांचा हात थांबला. तेवढ्यात पलीकडे इतर माणसांनी तिला ढकलून ट्रकवर चढवलं. ती दोनदा खिंकाळली. बाबा उठले नाहीत. माझं पाऊल मांडीवर घेऊन तसेच बसून राहिले, आणि ट्रक फाटकातून निघून गेला.

त्या दिवसापासून मी बाय झाले. पाय बरा झाला, पण दोन बोटं वाकडीच राहिली आणि चाल जरा लंगडी. बाबा सकाळ-संध्याकाळ मला बाय म्हणायचे, लग्नात पाठवणी करताना म्हणाले, नातवंडांसमोरही म्हणायचे. मला जे हवं होतं ते मिळालं. तरी दर हाकेला मनात यायचंच, ती असती तर म्हणाले असते का? हाकेवर पहिला हक्क माझा होता, तिने तो दुधाबरोबर पिऊन टाकला, हे मी आजही म्हणते. एवढी म्हातारी झाले तरी राग गेला नाही.

शेवटच्या आजारपणात बाबांना नीट दिसत नव्हतं. एका दुपारी त्यांनी हाक मारली, "बाय! ये गो बाय!" अगदी त्या पहिल्या संध्याकाळसारखी, मऊ. मी लंगडत जाऊन खाटेशी बसले. त्यांचा हात चाचपडत माझ्या कपाळावर आला, टिकलीवर जरा थांबला, मग खाली मानेवरून फिरू लागला, लांब, सावकाश, केसांच्या दिशेने.

कुणाला हाक मारलीत, असं तोंडावर आलं होतं. विचारलं नाही. मी मान पुढे केली.