शेवटचं अर्धं मिनिट

रुग्णालयातले सगळे कंप्युटर एकट्यानं सांभाळायचा, म्हणून त्याचं नाव वायरमामा पडलं. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता; ताईनंच त्याला लहानाचा मोठा केला. त्याच ताईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, आवाज राहणार नाही.

आदल्या दिवशी दुपारी तो तिला आपल्या खोलीत घेऊन आला. आवाज साठवायचा प्रोग्राम त्यानं स्वतः लिहिला होता. ताई पाऊण तास बोलली. त्याच्या खोड्या सांगितल्या, वर त्याच्या घोरण्याची नक्कलही केली. मग त्यानं भीतभीत विचारलं, आईची अंगाई आठवते का. ती चाल आता एकट्या ताईलाच येत होती. तिनं डोळे मिटून गुणगुणली. शेवटचा सूर लागतो न लागतो तोच वीज गेली.

वीज आली तेव्हा फाइल जागेवर होती. दारात नर्स ताईला न्यायला उभी.

"आलं ना रे सगळं?" ताईनं विचारलं.

"आलं," तो म्हणाला. ऐकून बघायचं त्याला सुचलंच नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी त्यानं ऐकलं. शेवटी त्याचा अंगाईचा प्रश्न होता, पुढे काहीच नाही.

असं का होतं, ते त्याला पाठ होतं. प्रोग्रामनं लिहायला दिलं की कंप्युटर लगेच 'लिहिलं' म्हणतो. पण डिस्क संथ, म्हणून ते आधी मेमरीत जमतं आणि अर्ध्याएक मिनिटानं डिस्कवर उतरतं. मधेच वीज गेली की मेमरीतलं पुसलं जातं. 'आत्ताच उतरव, उतरल्याशिवाय हो म्हणू नकोस,' असं बजावणारी एक ओळ प्रोग्रामात घालायची असते. ती दुसऱ्यांनी गाळली की तो त्यांना फैलावर घ्यायचा. स्वतः मात्र विसरला होता.

त्यानं ताईला खरं सांगितलं. तिनं वहीत अंगाईचे शब्द लिहून दिले आणि त्याच्या मनगटावर बोटांनी ठेका धरला. चाल तेवढी हाती लागेना. तो सूर लावून बघे, ती मानेनंच नाही म्हणे.

प्रोग्रामातली ती ओळ त्यानं त्याच दिवशी घातली. पुढे ऑपरेशनआधी कितीतरी माणसं त्याच्या खोलीत बसून घरच्यांसाठी बोलून गेली. कुणाचा शब्द हरवला नाही. तो मात्र दर रविवारी ताईपाशी बसून नवी चाल गुणगुणतो आणि तिच्या तोंडाकडे बघत राहतो.

सहा वर्षांनी एकदा तिनं त्याला थांबवून वही ओढली. लिहिलं, "पहिली ओळ अशीच होती. पुढची नाही."

त्यानं पहिली ओळ पुन्हा म्हटली. मग परत एकदा.