निकाल लागला, पण गेट उघडलं नाही

राग आवरत नाहीये, म्हणून लिहितेय.

माझी वहिनी अंबडच्या एका कंपनीत कामाला होती. बाळंतपणाची रजा मागितली म्हणून तिला काढून टाकलं. ती कोर्टात गेली. पोटातली पोर शाळेत जायला लागली तेव्हा कुठे निकाल लागला, की वहिनीला कामावर परत घ्या.

आज सकाळी आम्ही दोघी गेलो, तर वॉचमनने गेटवरच अडवलं. मॅनेजर बाहेर येऊन हसत म्हणाला, "ताई, आम्ही अपील करतोय. तोपर्यंत तुमची मुलगी कॉलेजला जाईल."

वहिनी म्हणाली, "खुशाल जाऊ दे कॉलेजला. मी रोज इथे येणार."

केस जिंकूनही बाहेरच उभं राहायचं, तर निकाल कशाला म्हणायचं? उद्या आमच्यासोबत गेटवर कोण येतंय?